रसोडा, टकळी आणि सुया

७ जून १९१६ या दिवशी विनोबा पहिल्यांदा अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गेले, तेव्हा गांधीजी भाजी चिरत बसले होते. देशाचा पुढारी स्वतः भाजी चिरतो, हे विनोबांनी तोवर ऐकलेसुद्धा नव्हते. गांधीजींनी त्यांच्याही हाती चाकू दिला आणि शेजारी बसवले. आपल्याला मिळालेला हा पहिला धडा, असे विनोबा पुढे सांगत. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून हेच विनोबा एप्रिल १९२१ मध्ये वर्ध्याला आश्रम चालवायला आले आणि इथलेच झाले.

वर्ध्याचा इतिहास सांगायचा म्हटले की लोक ठराव आणि बैठका सांगतात. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ‘भारत छोडो’चा ठराव इथेच केला, १६ ऑगस्टला आष्टीचे लोक गोळ्यांसमोर उभे राहिले. या गोष्टींचा मला अभिमान आहे. मी शाळेत आयुष्यभर त्या शिकवल्या. पण शाळेतून निवृत्त झाल्यावर माझा दिवस स्वयंपाकघर आणि विणकामाच्या सुया यांच्यात जाऊ लागला, तशी मी त्याच इतिहासाकडे वेगळ्या बाजूने पाहू लागले. १९३४ ते १९४६ या काळात आमच्या जिल्ह्यात जे घडले त्यातले फार मोठे काम चुलीपाशी, जात्यापाशी आणि चरख्यापाशी झाले. ते कोणी केले, त्यातले आमच्या घरांत काय उतरले आणि काय उंबऱ्याबाहेरच राहिले, हे मला लिहून ठेवावेसे वाटते.

त्याआधी थोडे मागे जायला हवे. वर्धा खोरे हा कापसाचा मुलूख. हिंगणघाटच्या ‘बनी’ कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकात लँकेशायरपर्यंत पोचले होते. त्या काळी कापूस घरात येई आणि सूत होऊन घराबाहेर पडे. कातण्याचे काम बायकांचे, विणण्याचे कोष्टी आणि महार घरांतल्या लोकांचे. नागपूर-वर्धा भागातले जाडेभरडे, टिकाऊ कापड मुख्यतः महार विणकर विणत, ही गोष्ट आज त्यांच्या नातवंडांनाही कोणी सांगत नाही. १८६७ साली मुंबईहून निघालेली आगगाडी वर्ध्यावरून नागपूरला पोचली. त्याच सुमारास मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी हॅरी रिव्हेट-कर्नॅक हे कापूस आयुक्त नेमलेले होते. त्यांनी सरकारला लिहिलेले म्हणणे असे होते: रेल्वेचा फाटा या भागात आला की विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त पडेल. मग इथे सुतात खपणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल, आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसे शेतमजुरीला मिळतील.

हे वाचले तेव्हा मला राग आला आणि अजूनही तो गेलेला नाही. घरात बसून, मुलाला मांडीवर घेऊन, स्वतःच्या वेळेने करायचे काम एका अहवालातल्या काही ओळींनी मोडीत निघाले. पुढे हिंगणघाटला गिरणी आली, पुलगावला आली. सूत निघत राहिले, पण ते आता गिरणीच्या भोंग्यावर निघू लागले. बायकांच्या वाट्याला राहिले शेतात कापूस वेचणे, आणि हंगाम संपला की पऱ्हाट्या उपटून चुलीसाठी घरी आणणे.

गांधीजी वर्ध्याला आले १९३४ साली. स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही असे म्हणून ते १९३० मध्ये दांडीला निघाले होते, त्यामुळे तो आश्रम त्यांच्यासाठी संपला होता. जमनालालजींनी आपली बाग आणि घर दिले. त्या जागेला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव पडले. डिसेंबर १९३४ मध्ये तिथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव होते. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये शिकलेला हा माणूस मगनवाडीत बसून हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, जात्यावरचे पीठ आणि हातकागद यांचा हिशेब मांडू लागला. पॉलिश केलेल्या तांदळात काय उरते, गिरणीच्या पिठातून काय निघून जाते, घाणी ओढणाऱ्या बैलाचा खर्च किती, तेल किती, पेंड किती. घरातली बाई जे अंदाजाने आणि सवयीने करते, ते इथे पहिल्यांदा मोजले आणि लिहिले गेले. झवेरभाई पटेलांनी घाणीत सुधारणा केल्या आणि ती ‘मगनवाडी घाणी’ म्हणून देशात गेली. धूर घराबाहेर नेणारी मगनचूल निघाली. रॉकेलऐवजी गोड्या तेलावर जळणारा मगनदीप निघाला. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी जे मगन संग्रहालय उघडले, ते आजही वर्ध्यात उभे आहे आणि त्यात मुख्यतः हीच अवजारे आहेत. राजाची तलवार, जरीचे वस्त्र, असे तिथे काही नाही. मला हे देशातले फार मोठे संग्रहालय वाटते, कारण त्यात माझ्या आजीच्या हातची वस्तू काचेआड मानाने ठेवलेली आहे.

मगनवाडीचा रसोडा हा तर स्वतंत्र विषय आहे. आश्रमातले लोक स्वयंपाकघराला रसोडा म्हणत, आणि तो शब्द आमच्याकडे अजून टिकून आहे. गांधीजी त्या रसोड्यात जातीने लक्ष घालत. कच्च्या पालेभाज्या, कडुलिंबाच्या पाल्याची चटणी, लसूण, चिंच, गूळ, उकडलेल्या भाज्या. काही वेळा ते स्वतः वाढायला उभे राहत. आजूबाजूच्या पडीत रानात उगवणारा कोणता पाला खाण्याजोगा आहे याची चौकशी करून त्यांनी १९३५ मध्ये ‘हरिजन’मध्ये लेख लिहिले. आमच्याकडच्या बायकांना यातले बरेच आधीपासून माहीत होते. घोळ, चिवळ, तांदुळजा, अंबाडी, पावसाळ्याच्या पहिल्या सरींनंतर येणारा कोवळा तरोटा, हे सगळे गरिबाच्या घरी शिजतच होते. फरक इतकाच की ते गरिबीचे खाणे समजले जाई आणि पाहुणा आला की लपवले जाई. तेच पान ‘हरिजन’मध्ये छापून आले, ही त्या बायकांच्या ज्ञानाला मिळालेली पावती होती. त्यांच्यापैकी कोणी ती वाचली नाही, याचे मात्र वाईट वाटते.

सोयाबीनची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९३५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर मगनवाडीच्या रसोड्यात सोयाबीन शिजू लागले होते. गरिबाला स्वस्तात पोषण मिळावे म्हणून हा प्रयोग होता, आणि त्याविषयी गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये लिहिले. वर्ध्याच्या शेतकऱ्याने तेव्हा सोयाबीन पाहिलेलेही नसेल. आज वर्धा जिल्ह्यात पावसाळ्यात कुठल्याही रस्त्याने जा, कपाशी आणि तूर यांच्या बरोबरीने सोयाबीन दिसते. गेल्या तीसेक वर्षांत या पिकाने शिवार व्यापले. पण ते आमच्या चुलीवर चढले नाही. दाणा बाजार समितीत जातो, तिथून तेल कारखान्यात, पेंड जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात, आणि तेल पिशवीत बंद होऊन आमच्या किराणा दुकानात परत येते. मगनवाडीत जे ताटात आधी आले ते शेतात नंतर आले, आणि शेतात आले तेव्हा ताटातून गेलेले होते. माझ्या मते आमच्या जिल्ह्याच्या अन्नाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी चुकामूक आहे.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. त्यांच्या शिष्या मीराबेन तिथे आधीच राहत होत्या. पुढे पत्रे बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागली म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. पहिल्या घरात, आज ज्याला आदिनिवास म्हणतात त्यात, सगळे एकत्र राहत. गांधीजी, कस्तुरबा, येणारे-जाणारे, आजारी, पाहुणे. खान अब्दुल गफारखानही काही काळ तिथे होते. एवढ्या पुरुषांच्या गर्दीत बांची किती कुचंबणा होत असेल, हे लक्षात घेऊन जमनालालजींनी पुढे बा-कुटी बांधून घेतली. यात्रेकरू बापू-कुटीत बराच वेळ थांबतात आणि बा-कुटीत डोकावून पुढे जातात. मी कोणाला घेऊन गेले की आधी बा-कुटीत बसवते. साठी ओलांडलेली एक बाई, तिचे संपूर्ण घर सार्वजनिक झालेले, आणि एक छोटी खोली एवढाच तिचा आडोसा. देशाच्या स्वातंत्र्यासाठी घरातल्या बाईने काय दिले, याचे उत्तर मला त्या खोलीत सापडते. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या, तेव्हा गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवली होती.

सेवाग्रामच्या रसोड्यातले जेवण साधे होते. भाकरी किंवा पोळी, उकडलेली भाजी, दूध, गूळ. मसाला नाही, फोडणी नाही. पण माझ्या दृष्टीने तिथले खरे नवल ताटात नव्हतेच. जात्यावर कोण बसले आहे, भाजी कोण निवडते आहे, भांडी कोण घासते आहे, संडास कोण साफ करते आहे, हे नवल होते. बॅरिस्टर, प्राध्यापक, संस्थानिकांच्या घरची मुलगी, ब्राह्मण, दलित, सगळ्यांच्या पाळ्या लागत. राजकुमारी अमृत कौर या कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या. त्या इथे मातीच्या कुटीत राहत. दलित घरांतून आलेले लोक रसोड्यात काम करत आणि सगळे तेच अन्न जेवत. जमनालालजींनी १९२८ मध्ये वर्ध्याचे आपले लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले केले, ते धाडस मोठेच होते. पण देवळात शेजारी उभे राहणे आणि एका चुलीवरचे खाणे यांत दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे, हे खेड्यात राहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

आता आमच्या घरांत यातले काय आले ते सांगते.

माझे माहेर पुलगावचे. वडील गिरणीत कामाला होते. लग्नानंतर वर्ध्याला आले. सासूबाई वर्ध्यातच वाढलेल्या. त्यांनी लहानपणी दुरून का होईना, गांधीजींना पाहिले होते. घाणीचे तेल त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. गोरस भांडारातले दूध, तूप आणि गोरसपाक या गोष्टी त्यांच्या घरी हक्काने येत. गोरसपाक म्हणजे कणीक, तूप आणि साखरेची खुसखुशीत, खमंग भाजलेली टिकिया. वर्ध्याहून कोणी पाहुण्याला जाणार असेल तर पिशवीत गोरसपाकाचा पुडा असतोच. त्याच्या मागे गोसेवेची चळवळ आहे. जमनालालजी आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत गोपुरीला झोपडीत राहून हेच काम करत होते. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते गेले आणि त्यांच्या पत्नी जानकीदेवींनी ते काम हाती घेतले. आमची गवळाऊ गाय, पांढरी, चपळ, आर्वीकडच्या रानात वाढणारी, तिच्या दुधाला भाव मिळावा हा त्यातला एक हेतू होता.

पण उकडलेली भाजी आमच्या घरांनी कधी स्वीकारली नाही. सासूबाई म्हणत, “भाजीत तिखट नाही, फोडणी नाही, तं खाईन कोण?” वर्ध्याच्या उन्हात कांदा, ठेचा, जवसाची चटणी आणि झणझणीत पाटोडीचा रस्सा यांनीच जेवणाला चव येते, असे आमचे मत पक्के. मला यात काही गैर वाटत नाही. एका ऋषितुल्य माणसाचा आहार त्याच्या व्रताचा भाग असतो. चार पोरांच्या आईला पोरांच्या तोंडाला चव लागेल असे रांधावे लागते. हातसडीचा तांदूळही घरात टिकला नाही, जाते कोपऱ्यात गेले, आणि ते गेले याचे दुःख एकाही दळणाऱ्या बाईला झालेले मी पाहिले नाही. पहाटे उठून दळण्याचे कष्ट ज्यांनी केले नाहीत त्यांनीच जात्याच्या आठवणीने हळवे व्हावे. मगनचूल मात्र घरोघरी पोचायला हवी होती. माझी आई पऱ्हाट्यांच्या धुरात डोळे चोळत रांधायची, आणि ज्या जिल्ह्यात धूर बाहेर नेणारी चूल तयार झाली त्याच जिल्ह्यात आमचे घर होते. घरात चूल कोणती असावी हे ठरवण्यासाठी पैसा पुरुषाच्या हाती होता आणि धूर बाईच्या डोळ्यांत जात होता, याशिवाय दुसरे कारण मला सापडत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, पुरुषाने जात्यावर बसण्याची, भाजी निवडण्याची, ती तर उंबऱ्याच्या आत आलीच नाही. खादी घालणारे, प्रार्थनेला जाणारे, सूत कातणारे सज्जन गृहस्थ मी वर्ध्यात कितीतरी पाहिले. त्यांच्यापैकी बहुतेकांना स्वतःच्या घरी पाण्याचा पेला हातात आणून द्यावा लागे. कातणे हे देशकार्य म्हणून त्यांनी उचलले. स्वयंपाक हे बायकोचे काम म्हणून तिथेच राहिले. रसोड्याची शिकवण अर्धीच घेतली गेली, असे मी स्पष्टपणे म्हणते.

कातणे माझ्याही वाट्याला आले. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने नई तालीमची शाळा उभी केली. तिथे मुले-मुली आलटून-पालटून रसोडा सांभाळत, धान्याचा हिशेब ठेवत, त्यातून गणित आणि आहारशास्त्र शिकत. त्या शाळेचा फार बारीक ओघळ आमच्या पुलगावच्या शाळेपर्यंत आला. आम्हाला टकळीचा तास असे. पेळू डाव्या हातात, उजव्या हाताने टकळीला पीळ. ६४० तारांची एक गुंडी, एक तार चार फुटांची, म्हणजे एका गुंडीत पाऊण किलोमीटरहून जास्त सूत. हे गणित मला पाढ्यांसारखे पाठ आहे. गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १२ फेब्रुवारी १९४८ रोजी पवनारला धाम नदीत विसर्जित झाला, आणि दरवर्षी त्या दिवशी तिथे मेळा भरतो. विनोबांच्या सांगण्यावरून लोक त्या मेळ्यात वर्षाला एक गुंडी सूत अर्पण करू लागले. आमच्या गुरुजींनी एकदा वर्गाच्या गुंड्या तिथे नेल्या होत्या, त्यात माझीही होती.

कातण्याची मजुरी किती मिळावी, याचा लढाही याच जिल्ह्यात झाला. तीसच्या दशकात विनोबा वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहत आणि कातणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते तेवढ्यातच जगून पाहत. दिवसाचे आठ-आठ तास कातूनही पोट भरत नाही हे त्यांनी स्वतःच्या शरीरावर पाहिले. १९३५ मध्ये चरखा संघाने कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी द्यायचे तत्त्व मान्य केले. खादी त्यामुळे महाग झाली आणि कुरकुर झाली, पण निर्णय टिकला. बाईच्या घरातल्या कामाचा दाम काय, हा प्रश्न त्या काळी कुणी इतक्या गांभीर्याने घेतला होता, हे मी नव्या पिढीच्या मुलींना नेहमी सांगते.

लोकरीच्या सुया माझ्या हाती आल्या त्या वेगळ्याच वाटेने. पुलगावला लष्कराचे मोठे दारूगोळा भांडार आहे. त्यामुळे छोट्याशा गिरणीच्या गावात देशभरची माणसे येत. एकीकडे आर्वीला जाणारी चिमुकली शकुंतला गाडी, दुसरीकडे गिरणीचा भोंगा, आणि शेजारी गढवाल, कांगडा, पंजाबकडच्या जवानांची बिऱ्हाडे. आमच्या वाड्यात एक गढवाली कुटुंब भाड्याने राहायला आले. त्या भाभींना मराठी येत नव्हते, आईला हिंदी जेमतेम. भाभी ओसरीवर बसून सायकलचे स्पोक घासून केलेल्या सुयांवर विणत. मी समोर जाऊन बसे. त्यांनी माझी बोटे हातात धरून सुलट टाका शिकवला, मग उलट, मग दोन सुलट दोन उलटची पट्टी. आईने त्यांच्याकडून विणकाम घेतले नाही, पण त्यांना सरगुंडे शिकवले. काडीवर कणकेची पट्टी गुंडाळून, हलकेच ओढून काढायची आणि खाटेवर वाळवायची. उन्हाळ्यात आंब्याच्या रसाबरोबर ते खाऊन भाभींची मुले वेडी झाली होती.

लोकर विणणे हे आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आले. मडमांच्या आणि मिशनच्या मुलींच्या शाळांतून ते शहरांतल्या घरांत गेले, आणि १९३० साली किर्लोस्करांनी सुरू केलेल्या ‘स्त्री’सारख्या मासिकांच्या काळात मध्यमवर्गीय बायकांच्या हातात रुळले. पुलगावसारख्या ठिकाणी ते पहाडातल्या बायकांनी आणले, असे मी माझ्या पाहण्यावरून म्हणते. आमच्या भागात डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा पडतो. तेव्हा विकतचा स्वेटर चैनीचा होता. नंतर गोठणगावला वसलेले तिबेटी लोक हिवाळ्यात नागपूरला स्वेटरांचे बाजार लावू लागले आणि विणलेला स्वेटर मागे पडला.

माझ्या मनात एक सल आहे. कातणाऱ्या बाईला देशसेविका म्हटले गेले, तिच्या सुताची वजनासकट नोंद झाली. विणणाऱ्या बाईच्या कामाला ‘वेळ घालवणे’ म्हणतात. दोघींच्या हातात धागाच आहे. रात्री सगळे निजल्यावर, दिवसभराचे रांधून-वाढून झाल्यावर तिने घरातल्या प्रत्येकाच्या पाठीवर ऊब घातली, आणि तिची गणती कुठल्या वहीत नाही. शिक्षिका झाल्यावर कार्यानुभवाच्या तासाला मी मुलांना आणि मुलींना एकत्र बसवून टाके घालायला शिकवत असे. मुलगे मुलींइतकेच चांगले विणतात. काही तर जास्त निगुतीने. पण पालकांची तक्रार आली आणि तो तास मुलींपुरता ठेवा असे मला सांगण्यात आले. मी ते ऐकले, कारण नोकरी होती. आजही ते मनाला लागते.

आता माझा दिवस माझा आहे. सकाळी ज्वारीची भाकरी, हंगामातली भाजी, दाळभाजी किंवा कढीगोळे. दुपारी उन्हाळ्यात क्रोशाच्या सुईवर सुती दोरा, कारण वर्ध्याच्या उन्हात लोकर हातात धरवत नाही. दिवाळीनंतर लोकर बाहेर निघते. नोकरीतून निवृत्ती आली की पुरुषाचे काम संपते. बाई एका कामातून सुटते आणि दुसरे तसेच राहते. आमच्या घरात हे बदलायला यजमानांची निवृत्ती यावी लागली. ते आता भाजी निवडतात, चिरतात, वरण-भात लावतात. वांग्याचे भरीत माझ्यापेक्षा चांगले करतात. ज्या गोष्टीसाठी सेवाग्रामला रोज पाळ्या लागत होत्या ती आमच्याकडे यायला सत्तर वर्षे लागली, पण आली.

सेवाग्रामच्या नई तालीम परिसरात २००५ पासून आनंद निकेतन नावाची शाळा चालते. तिथे मुलगे आणि मुली दोघेही शेती करतात, सूत काततात आणि स्वयंपाक करतात. पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरात विनोबांनी १९५९ मध्ये एकत्र आणलेल्या बहिणींची परंपरा अजून सगळी कामे वाटून घेऊन चालते. म्हणजे ही गोष्ट संग्रहालयात गेलेली नाही.

वाचकांना एक विनंती आहे. वर्ध्याला याल तेव्हा बापू-कुटीबरोबर रसोडा, बा-कुटी आणि मगन संग्रहालयही वेळ काढून पाहा. आणि तुम्ही कुठेही राहत असा, घरात किंवा शेजारी सत्तरी-ऐंशीची बाई असेल तर तिच्याजवळ वही घेऊन बसा. तिच्या लहानपणी चूल कशावर पेटत होती, तेल कुठून येत होते, उपासमारीच्या वर्षी कोणता पाला शिजला, शिवण-विणकाम तिला कोणी शिकवले, तिच्या घरातल्या कोणत्या पुरुषाने कधी भाकरी थापली, हे विचारून तारीख-वार घालून लिहून ठेवा. त्या बायकांची नावे अजून कुठल्याच पुस्तकात आलेली नाहीत, आणि ती सांगू शकतील अशी माणसे आता थोडीच उरली आहेत.